पंचेचाळीस मिनिटांचं तंजावर

तंजावरला मराठी माणूस बघायला जात नाही, हजेरी घ्यायला जातो. आपले राजे इथे होते ना? होते. आपली अक्षरं भिंतीवर आहेत ना? आहेत. राजवाडा अजून उभा आहे ना? आहे. सगळं जागच्या जागी असल्याची खात्री पटली की छाती दोन इंच फुगवून तो बसमध्ये परत येतो आणि विचारतो, पुढचा चहा कुठे?

मी अशाच एका टूरमधून गेलो होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण सगळ्यांची पत्रकं एकाच कागदावरून उतरवल्यासारखी असतात. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी हे मुक्काम आणि मधे कुठेतरी ‘तंजावर दर्शन’. बस थांबली, मॅनेजरने झेंडी वर केली आणि फर्मान सुटलं, "पंचेचाळीस मिनिटं, मंडळी! चपला गाडीतच ठेवा." दुपारचा दगड तव्यासारखा तापलेला. काथ्याच्या पट्टीवरून आमची वरात निघाली, एक पाय पट्टीवर आणि एक हवेत. १०१० साली पुरं झालेलं राजराज चोळाचं मंदिर, दोनशे फुटांवर उंच विमान आणि आमच्या बहुतेकांच्या नजरा तळपायांवर.

त्यात गाइडने ठेवणीतला पत्ता टाकला, "या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही." सगळ्यांनी ‘वा!’ केलं. ऊन डोक्यावरून जरा कललेलं होतं आणि शिखराची भलीथोरली सावली आवारात पसरली होती. आमच्यातल्या काही बायका त्याच सावलीत पाय गार करत उभ्या होत्या. तिथे उभं राहूनच त्यांनीही ‘वा!’ केलं.

मग आपला शिलालेख. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसल्यांचा वंशवृत्तांत मंदिराच्या भिंतीवर कोरून घेतला. मराठीत आणि देवनागरीत. दगडावरच्या सगळ्यात लांबलचक लेखांत तो मोजला जातो. आमच्या लोकांनी तिथे पाठ भिंतीकडे केली आणि तोंड मोबाइलकडे. घोषणा झाली, फोटो झाले, पण एक ओळ कुणी वाचली नाही. अक्षरओळख नसलेल्या जपानी माणसाने हे केलं असतं तर समजून घेतलं असतं. बाहेर येताना एकाला मात्र नेमकी शंका आली, सांबार इथेच शोधून काढलं ना हो? संभाजीराजांशी जोडलेल्या त्या गोष्टीला पुरावा कवडीचा नाही, पण आमच्या प्रवासी मेंदूत तंजावरचं सारं राज्य त्या एका वाटीत मावलेलं आहे.

याच गावात साडेतीनशे वर्षं टिकलेली मराठी बोलणारी घरं आहेत. त्यांची मराठी ऐकून आमची माणसं तोंडावर रुमाल धरतात. पुण्याबाहेर कुणी मराठी टिकवली तर तिच्यावर हसायचं आणि पुण्यात ती मेली तर सरकारला शिव्या द्यायच्या, हा आमचा भाषाभिमान.

असो. माझं खरं भांडण पुढे आहे.

मी मराठी आहे आणि बौद्ध घरातला आहे. म्हणजे या मुलखावर माझा हक्क दुहेरी. पहिल्या हक्काचा ढोल दर सहलीत वाजतो. दुसऱ्याचं नाव कुणी काढत नाही. तंजावरहून पूर्वेला मोटारीने दोन-अडीच तासांवर नागपट्टिनम आहे. १९९१ पर्यंत ते तंजावर जिल्ह्यातच होतं. हे बंदर एके काळी बौद्धांचं तीर्थ होतं आणि तेही आडगावचं नव्हे, समुद्रापलीकडच्या माणसांचं.

ज्या राजराजाच्या शिखरासमोर आम्ही माना उंचावतो, त्याच कट्टर शैव राजाच्या कारकिर्दीत, १००६ च्या सुमारास, सुमात्रा-मलायाकडच्या श्रीविजयाच्या राजाने नागपट्टिनमला चूडामणी विहार उभारला. राजराजाने त्याला आनैमंगलम हे गाव लावून दिलं. वर्षाला जवळजवळ ९ हजार कलम (हे तिकडचं धान्याचं माप) भाताचं उत्पन्न. राजेंद्र चोळाने ते ताम्रपटावर कोरून घेतलं. एकवीस पत्र्यांचा तो जुडगा पुढे हॉलंडमध्ये लायडनला पोचला आणि त्याच गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. शैव राजा, बौद्ध विहार, परदेशी यजमान आणि चोळांच्या खजिन्यातलं भात. गाइडने सावलीऐवजी एवढं सांगितलं असतं तरी त्याची बिदागी वसूल झाली असती.

इथे कोण कोण आलं ते बघा. सातव्या शतकात चिनी भिक्खू जहाजाने या बंदरात उतरून पुढे सिंहलद्वीपाला गेल्याची नोंद इत्सिंगने केली आहे. चौदाव्या शतकातला चिनी प्रवासी वांग दायुआन इथल्या विटांच्या स्तूपाबद्दल लिहितो आणि त्यावर १२६७ सालचा चिनी लेख असल्याचं सांगतो. पण माझा जीव अडकतो तो ब्रह्मदेशच्या थेरांमध्ये. पंधराव्या शतकात पेगूच्या धम्मचेती राजाने उपसंपदेसाठी, म्हणजे भिक्खूंच्या विधिवत दीक्षेसाठी, काही भिक्खूंना सिंहलद्वीपाला धाडलं. परतताना त्यांच्यातल्या काहींचं जहाज फुटलं. जीव वाचवून किनाऱ्याला लागलेली ती माणसं पायी नागपट्टिनमला आली. तिथे त्यांनी पडरिकाराम विहाराची जागा पाहिली आणि चीनच्या राजाच्या आज्ञेने बांधलेल्या गुहेतल्या बुद्धमूर्तीला वंदन केलं. पेगूच्या कल्याणी शिलालेखात हे नोंदलेलं आहे. ‘विहाराची जागा’ हे शब्द नीट वाचा. तेव्हाच तिथला विहार गेलेला होता. तरी जहाज फुटलेली, बहुधा उपाशी असलेली माणसं ती जागा बघायला थांबली. आणि आमची वातानुकूलित गाडी म्हणते, "रूटमध्ये नाही."

त्या बंदरात विटांचा एक मनोरा मात्र पुढेही शतकानुशतकं उभा होता. खलाशी त्याला ‘चिनी पॅगोडा’ म्हणत आणि त्याच्यावर नजर ठेवून जहाजं हाकत. १६७६ मध्ये व्यंकोजीराजांनी नागपट्टिनम डचांकडे ठेवायला करारानेच मान्यता दिली, तेव्हाही तो होता. तंजावरला मराठ्यांची गादी चालू होती तेव्हाही होता, आणि १८५५ मध्ये वारस नाही म्हणून कंपनी सरकारने संस्थान गिळलं तेव्हाही होता. म्हणजे आपलं राज्य बुडालं तरी तो बुडाला नव्हता. जेझुइट पाद्र्यांना आपल्या कॉलेजसाठी ती जागा हवी होती. त्यांनी मद्रास सरकारकडे अर्ज केले आणि १८६७ मध्ये परवानगीने मनोरा पाडला. १८५६ पासून पुढची काही दशकं त्या परिसरातून ब्राँझच्या साडेतीनशेच्या आसपास बुद्धमूर्ती निघत राहिल्या. ज्या कॉलेजसाठी हा उद्योग झाला, ते १८८३ मध्ये गाशा गुंडाळून तिरुचिरापल्लीला गेलं. मनोराही गेला, कॉलेजही गेलं.

आमच्या मॅनेजरला मी विचारलं होतं, नागपट्टिनम का नाही? तो समंजसपणे म्हणाला, "सर, तिथे बघायला उरलंय काय?" मागच्या सीटवरून एका गृहस्थांनी री ओढली, "नुसत्या मोकळ्या जागेला पैसे कोण देणार?" हे गृहस्थ दर वर्षी रायगडला जातात. रायगडावर काय उरलंय? जोती, चौथरे, पडक्या भिंती आणि वारा. तरी तिथे उभं राहिलं की मराठी माणसाला सिंहासन दिसतं, दरबार दिसतो, हत्ती दिसतात. दिसलेच पाहिजेत. मग ही दृष्टी गडाखाली उतरल्यावर जाते कुठे? आपल्या अवशेषाचा होतो इतिहास आणि दुसऱ्याच्या अवशेषाचा मोकळा प्लॉट.

आणि बघायला काही नाही हेही खोटं. त्याच किनाऱ्यावर नागूरचा दर्गा आहे. त्याचा सर्वांत उंच, १३१ फुटी मिनार तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधून दिला. मराठ्यांच्या राजाने मुसलमान संताच्या दर्ग्यावर उभा केलेला मिनार! हा अभिमान घोषणेत बसत नाही, म्हणून तो आमच्या पत्रकात नाही.

तमिळ मंडळींनाही मी सोडणार नाही. चोळांचं नाव घेतलं की त्यांचे कान टवकारतात, पण चोळमंडलातल्या गावोगावच्या दगडी बुद्धमूर्तींपैकी कित्येक शेताच्या बांधावर नाही तर झाडाखाली आहेत, कुठे भस्म फासून, नाव बदलून ग्रामदेव झालेल्या. सेलमला ‘तलैवेट्टी मुनियप्पन’ म्हणून पुजली जाणारी मूर्ती बुद्धाची आहे, हे ठरायला २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल लागला. ‘मणिमेकलै’ हे बौद्ध महाकाव्य तमिळमधलं. ‘वीरचोळियम्’ हे व्याकरण लिहिणारा बुद्धमित्र बौद्ध. घरातली पोथी कपाटात जपायची आणि ती लिहिणाऱ्याला ओसरीवरही बसू द्यायचं नाही, असा हा मामला आहे.

लगेच टाळ्या पिटू नका. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातली बौद्ध लेणी आपण पांडवांच्या नावे करून मोकळे झालो. लेण्याद्रीला बौद्ध लेण्यात गणपती बसलाय. कार्ल्याला एकवीरेच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणारे शेजारच्या चैत्यगृहात डोकावतही नाहीत. सेलमच्या लोकांना नावं ठेवायची तर आधी आपल्या डोंगरांकडे बघावं लागेल.

आता घरचा अहेर. आमच्या बौद्ध यात्रा निघतात त्या बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी या वाटेने. त्या निघाल्याच पाहिजेत, आमच्या आईबापांनी पै पै साठवून त्या केल्या. पण विंध्याच्या खाली बुद्ध नव्हता अशी आमचीही समजूत झालेली आहे. नागपूरला १९५६ मध्ये दीक्षा झाली, त्याच्या अठ्ठावन्न वर्षं आधी, १८९८ मध्ये, अयोथी दास या तमिळ पंडिताने सिंहलद्वीपात दीक्षा घेऊन मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला. आपल्या अस्पृश्य ठरवलेल्या लोकांना तो सांगत होता की तुम्ही मूळचे बौद्ध. आमच्या किती विहारांत त्याचा फोटो आहे? जयंतीला डीजेची भिंत उभी करायला वर्गणी जमते. दक्षिणेच्या यात्रेचं काढलं की पहिला प्रश्न येतो, "तिकडे भाषेचा प्रॉब्लेम होतो ना?" समुद्रात जहाज फुटलेल्या त्या थेरांना तमिळ येत होतं, असं कुठे वाचल्याचं मला आठवत नाही.

बरं, नागपट्टिनमला वाट वाकडी करणं जमत नसेल, तर तिथल्या मूर्ती चेन्नईत एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात आहेत. ब्राँझच्या, डोक्यावर ज्वालेचं उष्णीष, काही वीतभर, काही हातभर. आमच्या टूरचा शेवटचा दिवस चेन्नईतच होता आणि साड्यांच्या दुकानाला तीन तास राखून ठेवले होते. दुकानापासून एग्मोर रिक्षाने अर्ध्या तासावर. मी मॅनेजरला म्हटलं, ज्यांना साड्या नकोत त्यांना तिकडे सोडा. माणूस भला होता. त्याने माइक हातात घेतला आणि विचारलं, "म्युझियमला कोण कोण?" चार हात वर आले. त्यातला एक माझा होता आणि एक अशा काकांचा, ज्यांना त्या दुकानातून कसंही करून पाकीट वाचवायचं होतं. मॅनेजरने हात मोजले आणि गाडी साड्यांकडे वळवली.