विटेमागचे ऋण

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके महानगराच्या उशाशी वसलेले आहेत. शहापूरच्या भातसा आणि तानसा जलाशयांचे पाणी मुंबई पिते. कल्याण-भिवंडीच्या परिसरात इमारती उभ्या राहतात, त्यांच्या विटा थापण्यासाठी याच तालुक्यांतील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर पाडे रिकामे करून भट्ट्यांवर जातात. पाण्याचे मोजमाप होते; विटेमागच्या श्रमाचा हिशेब मात्र कोणीही विचारत नाही.

कातकरी ही शासनदरबारी विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेली जमात. खैरापासून कात काढण्याचा तिचा परंपरागत व्यवसाय जंगलाबरोबर गेला आणि बहुतेकांच्या नावावर जमीन कधी नव्हतीच. भातलावणी आटोपली की हाताला काम राहत नाही. अशा वेळी आजारपण किंवा घरातील लग्नकार्य उभे राहिले, तर भट्टीमालकाचा माणूस पाड्यावर येऊन बयाणा देऊन जातो. पुढे भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, तीही खात्यावर चढते. वही मालकाची आणि अक्षरही मालकाचेच. पावसाळ्याच्या तोंडावर हिशेब होतो, बाकी निघते आणि पुढचा हंगामही त्याच भट्टीला बांधला जातो. सर्वच भट्टीमालक असे वागतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु जेथे बाकी फिटेपर्यंत मजुराला भट्टी सोडता येत नाही, तेथे त्या व्यवहाराला रोजगार म्हणता येणार नाही. ती वेठबिगारीच होय.

ठाणे जिल्ह्याला हे नवे नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबणाऱ्या वनवासी तरुणाला येथे ‘लग्नगडी’ असे नावच पडले होते. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगार निषिद्ध ठरवली. २५ ऑक्टोबर १९७५ पासून ही पद्धत देशभर संपुष्टात आल्याचे १९७६ चा कायदा सांगतो. अशा मजुरावरील कर्ज या कायद्याने रद्द होते आणि ते वेठीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर पडतो. अंगठा उमटवणाऱ्या कातकऱ्याला यातील एक अक्षर तरी कोणी वाचून दाखवले आहे काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, दोन गोष्टी स्पष्ट केल्या. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीदेखील वेठच, आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ काम देणाऱ्या शासनाची सुटका होत नाही. जो न्याय शासकीय कामाला लागू झाला, तो खाजगी कंपन्यांनी स्वतःहून का स्वीकारू नये? शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमानुसार सामाजिक उत्तरदायित्वाचा विस्तृत अहवाल द्यावा लागतो. त्यात स्वतःच्या कारखान्यांतील व कार्यालयांतील सक्तीच्या श्रमांविषयी माहिती अनिवार्य होती. पुरवठादारांच्या पाहणीची माहिती मात्र ऐच्छिक ठेवली गेली. वेठ वातानुकूलित कार्यालयात सापडत नाही. ती पुरवठ्याच्या शेवटच्या कडीत, पुरवठादाराच्याही पुरवठादाराकडे, तात्पुरत्या झोपडीत असते. त्या कडीपर्यंत न पोहोचणारे प्रतिज्ञापत्र कितीही गुळगुळीत कागदावर छापले, तरी ते कागदच राहते.

उपाय अवघड नाहीत. वीट कोणत्या भट्टीची, हे बांधकाम कंपनीने देयकावर नोंदवून घ्यावे. बयाणा, खर्ची आणि पाडलेल्या विटांची नोंद असलेली दुसरी वही मजुराच्या हाती असावी. मजुरी नवरा-बायको दोघांच्या नावे स्वतंत्रपणे बँकेत जमा व्हावी. बाकी असली तरी काम सोडण्याची मुभा राहील, अशी अट खरेदीच्या करारात घालावी आणि हंगामात एकदा तरी भट्टीवर जाऊन, मालकाच्या गैरहजेरीत मजुरांशी बोलावे. यासाठी विटेमागे चार पैसे अधिक मोजावे लागले, तर ते मोजावेत. स्वस्त विटेची किंमत कोणी ना कोणी चुकवत असतोच.

शासनाचे कर्तव्य याहून मोठे आहे. कायद्याने जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या सांगितल्या आहेत. त्यांच्या बैठका दिवाळीपूर्वी, म्हणजे पाडे ओस पडण्याआधी झाल्या पाहिजेत. रोजगार हमीची कल्पना देशाला देणाऱ्या महाराष्ट्रात भाद्रपद-आश्विनात कातकरी पाड्यावर काम मिळू नये, हे लाजिरवाणे आहे. बयाण्याची गरजच उरली नाही, तर वेठीचे मूळच उपटले जाईल.

या प्रश्नावर याच जिल्ह्यात श्रमजीवी संघटना आणि विधायक संसद यांनी १९८० च्या दशकापासून मजुरांना सोडवले, भट्ट्यांवर मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. विचारांचे मतभेद बाजूला ठेवून या कार्याचे मोल मानले पाहिजे आणि पाड्यांवर सेवाकार्य करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने औषध व वह्या-पुस्तकांबरोबर मजुराच्या हिशेबाची वहीही तपासण्यास शिकले पाहिजे.

पंढरीची वीट ज्या समाजाने मस्तकी धरली, त्या समाजातील मध्यमवर्गीय कुटुंब घराची नोंदणी करताना फरशी, रंग आणि वाहनतळ यांची कसून चौकशी करते. भिंतीतील वीट कोणी आणि कोणत्या अटींवर थापली, हाही प्रश्न त्याने विकासकाला विचारावा. शंभर ग्राहकांनी तो विचारला, तर उत्तर शोधत विकासकाला भट्टीपर्यंत जावेच लागेल.