आधी पडायला शिकावे

ज्यूदोच्या शाळेत मुलाचे नाव घालताना बहुतेक पालक कपाटातील ढाली आणि पदके पाहतात. मुलांचाही पहिला प्रश्न ठरलेला असतो : सामने केव्हा खेळायला मिळतील? ही उत्सुकता स्वाभाविक असली, तरी शाळा पारखण्याची ही कसोटी खरी नव्हे. किती मुले जायबंदी होऊन किंवा कंटाळून खेळ सोडून गेली, हे कपाट सांगत नाही.

ज्यूदोचे जनक कानो जिगोरो यांचा जन्म १८६० सालचा. अंगाने ते किरकोळ होते, आणि शाळेतील दांडग्या मुलांचा जाच त्यांना सोसावा लागे. म्हणून जुजुत्सू ही जुनी झुंजविद्या शिकावी, असे त्यांच्या मनाने घेतले. पण त्या काळी जपानात पाश्चात्त्य विद्येची चलती होती. जुन्या विद्येचे अनेक जाणकार हाडे बसवून पोट भरीत. तेव्हा कानोंनी हाडवैद्यांकडे चौकशी चालविली आणि त्या शोधातून १८७७ साली त्यांना फुकुदा हाचिनोसुके हे गुरू लाभले. गुरू शोधण्याची ही रीत गमतीची वाटेल. परंतु हाड जोडणाऱ्याला ते कशाने मोडते हेही ठाऊक असते!

फुकुदांनी घातलेला एक डाव कानोंना उमगेना. तो कसा घातला असे विचारताच गुरूंनी उत्तरादाखल त्यांना पुनःपुन्हा आपटले. पुढे १८८२ साली टोकियोतील एइशोजी मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, कानोंनी कोदोकान ही आपली शाळा काढली. त्यांच्या शिकवणीत मात्र डावामागचे कारण समजावून देण्यास मोठे स्थान मिळाले. प्रतिस्पर्ध्याचा तोल आधी ढळवावा, मग डाव टाकावा, हे त्यातले मुख्य सूत्र होय.

आणि डाव टाकण्याच्याही आधी येते ती 'उकेमी', म्हणजे पडण्याची विद्या. पाठीवर पडताना हनुवटी छातीशी घ्यावयाची, म्हणजे डोके आपटत नाही. त्याच क्षणी सबंध हात चटईवर सपाट मारावयाचा, म्हणजे आघात एका जागी न बसता पसरतो. ही सवय नसलेला मनुष्य पडताना हात टेकू पाहतो आणि मनगट किंवा कोपर दुखावून घेतो. पुस्तक वाचून हे येत नाही. शरीराला विचार करण्यास अवधी मिळू नये, इतके ते अंगवळणी पडावे लागते. त्याला महिने लागतात.

या महिन्यांची घाई महाग पडते. खुद्द जपानात १९८३ नंतरच्या सुमारे तीस वर्षांत शाळांतील ज्यूदोमध्ये शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. डोक्याला झालेल्या इजा हे त्याचे एक मोठे कारण होते, आणि त्यांत नवशिके पुष्कळ होते. २०२२ साली तेथील ज्यूदो महासंघाने पाचवी-सहावीच्या मुलामुलींची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. जिंकण्याच्या हव्यासापायी कोवळ्या मुलांना वजन घटवावयास लावले जाई. पालक पंचांवर ओरडत.

सामन्यांवाचून मुलांना हुरूप येत नाही, असे काहीजण म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. पण शाळेतल्या शाळेत जोडीदाराशी मोकळेपणी झुंजण्याचा सराव असतोच. त्यातही चुरस असते, मात्र हरल्याची लाज नसते.

म्हणून नाव घालण्यापूर्वी पालकांनी व मुलांनी एखाद्या संध्याकाळी शाळेत कोपऱ्यात बसून पाहावे. नवखा मुलगा पहिल्याच आठवड्यात थोराड मुलासमोर उभा केला जातो काय? डाव टाकणारा खाली जाणाऱ्या जोडीदाराची बाही धरून त्याचे पडणे सावरतो, की त्याला तसाच सोडून देतो? आणि सरावाच्या आरंभी काळा पट्टा बांधलेले थोर विद्यार्थी लहानांच्या रांगेत उभे राहून पडण्याचा सराव करतात काय? तेवढे पाहून झाले, की मग कपाटातील ढालींकडे खुशाल पाहावे.