मुरलेला चहा

आपल्याकडे चहा जुना झाला की वास उडतो आणि डबा रिकामा करावा लागतो. चीनच्या युन्नान प्रांतातला पु-अर मात्र जसा जुना होतो तसा महाग होतो. पानं वाफेवर मऊ करून, दाबून त्यांची भाकरीएवढी चकती करतात. नेहमीची चकती 357 ग्रॅमची, अशा सात चकत्यांचा एक गठ्ठा. खेचरांच्या पाठीवरून हा चहा डोंगर ओलांडून तिबेटात जायचा, त्यामुळे दाबलेला माल सोयीचा. झाड आपल्या आसामच्या मोठ्या पानांच्या जातीचंच, बरं का!

कच्ची चकती मुरायला वर्षानुवर्षं घेते. तुरटपणा हळूहळू उतरतो, रंग गडद होतो. मला पहिला घोट पावसाळ्यातल्या माळ्यासारखा लागला, तिसऱ्यापासून आवडला. (दूध-साखर घालायचा मोह आवरा.) 1973 मध्ये कुन्मिंगच्या कारखान्यात ओल्या पानांचे ढीग घालून हे काम काही आठवड्यांत उरकायची रीत बसली. तो 'पिकवलेला' चहा स्वस्त आणि मवाळ. सुरुवात त्यानेच करावी असं मी सांगेन.

जुन्या चकत्या लोक सोन्यासारख्या साठवू लागले. भाव चढत गेले आणि 2007 मध्ये कोसळले. मेंगहाईकडचे कित्येक व्यापारी बुडाले, चहाच्या भरवशावर बसलेल्या शेतकऱ्यांनाही झळ पोचली. आजही वेष्टनावर जुनं साल छापून नवा माल विकणारे आहेत. म्हणून साल वाचून पैसे मोजू नका. छोटा तुकडा घ्या, पहिलं पाणी ओतून टाका. तीच पानं पाच-सहा वेळा सहज चालतात.