घड्याळाचे तास, देहाचे तास

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. जाताना थेट विमानास साधारण १६ तास लागतात. परतताना उंचावरून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे पाठीशी असतात, त्यामुळे प्रवास तास-दोन तास लवकर आटोपतो.

तिकिटावर मात्र दोन्ही वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारतापेक्षा साडेदहा तास मागे असते. मध्यरात्रीनंतर १ वाजता मुंबईहून निघालेले विमान १६ तासांनी तेथे उतरते, तेव्हा त्याच दिवसाचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. घड्याळाच्या लेखी प्रवास साडेपाच तासांचा. देहाने मात्र १६ तास सोसलेले असतात.

मुलांकडे निघालेल्या वृद्ध आईवडिलांसाठी हा फरक मोलाचा आहे. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन कोणत्या वेळेनुसार घ्यावे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. तो कागद व औषधे सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावीत. विमानात अधूनमधून उठून चार पावले चालावे. तिकीट काढून देणाऱ्या मुलांनी भाड्याइतकाच या तासांचाही हिशेब करावा.