कसेल त्याचा वारसा

अभिजात नाटकाला हात लावावा की लावू नये, हा वाद जुनाच आहे. युरोपच्या प्रबोधनकाळातील, म्हणजे साधारणतः सोळाव्या-सतराव्या शतकांतील नाटके आधुनिक नाटककार नव्याने लिहू लागले की तो हटकून डोके वर काढतो. मूळ कृती श्रेष्ठ असेल तर ती आहे तशीच दाखवावी आणि नाटककाराला स्वतःचे काही सांगायचे असेल तर त्याने स्वतंत्र नाटक लिहावे, असे आक्षेपकांचे म्हणणे असते. वरवर पाहता ते बिनतोड वाटते. परंतु शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ या एकाच नाटकाचा चारशे वर्षांचा प्रवास पाहिला, तरी या युक्तिवादातील उणीव ध्यानात येते.

वृद्ध राजा लिअर आपले राज्य तीन मुलींत वाटून द्यायचे ठरवतो आणि त्याआधी प्रत्येकीने आपल्यावरील प्रेम शब्दांत सांगावे, अशी अट घालतो. थोरल्या दोघी गोड बोलून राज्य मिळवतात. धाकटी कॉर्डेलिया खोटी स्तुती करत नाही, म्हणून तिच्या पदरी काहीच पडत नाही. पुढे त्या थोरल्या मुलीच वादळी रात्री बापाला घराची दारे बंद करतात. अखेरीस कॉर्डेलियाचे प्रेत हातांवर घेऊन आलेला लिअर तिच्या शेजारीच प्राण सोडतो.

हे नाटक १६०६ मध्ये इंग्लंडच्या राजदरबारात सादर झाले. मात्र त्याची कथा शेक्सपिअरची नव्हती. बाराव्या शतकातील एका इतिहासवजा ग्रंथात ती येते. याच राजावरचे एका अनामिक लेखकाचे नाटक १६०५ मध्ये छापलेही गेले होते. त्या नाटकात राजाला गादी परत मिळते आणि धाकटी मुलगी जिवंत राहते. तो सुखद शेवट शेक्सपिअरने मोडला. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ समजून सोवळ्यात ठेवतो, तेच मुळी एक रूपांतर आहे!

मग कोणताही बदल क्षम्य मानावा काय? तसे नाही. १६८१ मध्ये नाहम टेट या कवीने ‘लिअर’ला पुन्हा सुखान्त केले. त्याने विदूषकाचे पात्र गाळले, कॉर्डेलियाचे लग्न लावून दिले आणि लिअरला राज्य परत केले. हा सोपा शेवट इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे टिकला. प्रेक्षक निर्धास्त मनाने घरी जात. पण निरपराध माणसाच्या वाट्याला दुःख का यावे, हा मूळ नाटकातील प्रश्न मात्र पुसला गेला. टेटने बदल केला, हा त्याचा दोष नव्हे. बदल करताना त्याने प्रश्नच टाळला, हा त्याचा दोष होय.

याच्या नेमके उलट उदाहरण एडवर्ड बाँड या इंग्लिश नाटककाराचे. त्याचे ‘लिअर’ १९७१ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट रंगमंदिरात आले. बाँडने बालपणीच दुसऱ्या महायुद्धाची झळ सोसली होती आणि नाटक आले त्या काळी बर्लिन शहर भिंतीने दुभंगलेले होते. बाँडचा लिअरही शत्रूला रोखण्यासाठी भिंत बांधतो आणि त्यापायी प्रजेला भरडून काढतो. कॉर्डेलिया इथे त्याची मुलगी नाही. ती बंडखोरांची नेता आहे, आणि सत्ता हाती येताच तीही तीच भिंत पुढे बांधू लागते. आंधळा झालेला लिअर शेवटी फावडे घेऊन ती भिंत खोदू लागतो आणि गोळीला बळी पडतो. कॉर्डेलिया म्हणजे मूर्तिमंत माया, हे ज्या प्रेक्षकाच्या मनात पक्के बसले आहे, त्यालाच तिचे हे कठोर रूप हादरवते. स्वतंत्र नाटकाला हा आघात साधला नसता.

याच्या काही महिनेच आधी, डिसेंबर १९७० मध्ये, वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ मराठी रंगभूमीवर आले. त्यात ना राज्य आहे, ना सैन्य. गणपतराव बेलवलकर हे वृद्ध नट आपली सारी कमाई मुलगा व मुलगी यांना देऊन टाकतात आणि दोन्ही घरांत परके ठरतात. ज्याने आयुष्यभर रंगमंचावर राजेपण भोगले, त्याच्याकडे मुकुट उतरल्यावर काय उरते? हा लिअरचाच प्रश्न आहे. पण तो समजण्यासाठी लिअर ठाऊक असण्याची गरज मराठी प्रेक्षकाला भासली नाही. त्याला त्यात आपल्याच शेजारचे घर दिसले; कित्येकांना स्वतःचेही दिसले असेल.

रूपांतरात काही हरवतेही, हे मान्य केले पाहिजे. शेक्सपिअरचा लिअर स्वतःही दोषी आहे. प्रेमाचा त्याने सौदा मांडला होता. बेलवलकरांनी तसा सौदा केलेला नाही. त्यामुळे आपली सहानुभूती त्यांच्याकडे सहज वळते आणि दोषाचे माप मुलांच्या पदरात पडते. बाँडच्या नाटकात क्रौर्य इतके आहे की करुणेला जागा अपुरी पडते. ज्याला मूळ नाटकाचा पूर्ण अनुभव हवा, त्याने अनुवादाकडे वळावे. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ त्यासाठी मराठीत उपलब्ध आहे. अनुवाद मूळ कृतीशी निष्ठा राखतो; रूपांतर तिच्याशी वाद घालते. साहित्याला दोन्हींची गरज आहे.

म्हणून रूपांतराला विचारायचा प्रश्न ‘किती बदलले?’ हा नसून ‘कशासाठी बदलले?’ हा असावा. वडिलोपार्जित जमीन कुंपण घालून नुसती राखली तर तिच्यावर तण माजते. ती कसावी लागते. कसणाऱ्याचे पीक दरवेळी उत्तम येईलच असे नाही. तरीही जमीन जिवंत राहते ती नांगरामुळेच. अभिजात नाटकांचेही तसेच आहे. पुढच्या वेळी एखाद्या जुन्या कथेचे नवे नाटक पाहाल, तेव्हा मूळ कथा मोडली म्हणून लगेच रागावू नका. जुना प्रश्न नाटककाराने आपल्या काळाच्या खांद्यावर घेतला आहे की वाटेतच टाकून दिला आहे, एवढे मात्र निरखून पाहा.