पाइप टाकणाराच पाइप तपासणार?



इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'एम.वाय.', तिथल्या मराठी कुटुंबांना परके नाही. मे २०१६ मध्ये या सरकारी रुग्णालयातील मुलांच्या नव्या ऑपरेशन थिएटरमध्ये दोन बालके लागोपाठ दगावली. ऑक्सिजनच्या नळीतून भूल देण्याचा नायट्रस ऑक्साइड येत होता. दोन्ही वायू रंगहीन. डॉक्टरांच्या डोळ्यांना फरक दिसणार कसा?

त्याच वर्षी सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकम्ब रुग्णालयात असेच एक नवजात बाळ गेले, दुसऱ्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. पाइप उलटे जोडले होते आणि ताबा घेतानाच्या चाचणीत ते पकडले गेले नाही. कॅनडात सडबरीला १९७३ सालीच अशा उलट्या जोडणीने रुग्ण मेले होते. म्हणजे धोका नवा नाही. त्यावरचा उपायही नवा नाही.

उपाय काय? सगळ्या लाइनींचा दाब उतरवायचा. मग एकाच वायूची लाइन भरायची आणि प्रत्येक खाटेजवळचा, प्रत्येक थिएटरमधला प्रत्येक आउटलेट उघडून पाहायचा. दुसऱ्या वायूच्या आउटलेटवर दाब आला तर जोडणी चुकली. शेवटी प्रत्यक्ष वायू सोडून प्रत्येक ऑक्सिजन आउटलेटवर ॲनालायझरने टक्केवारी मोजायची. एकही आउटलेट सोडायचा नाही. तांब्याच्या पाइपचे ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजन सोडायचा, नाहीतर आत काळी खपली धरते. पाइपला तेल-ग्रीस लागू द्यायचे नाही, ऑक्सिजनमध्ये ते पेट घेते. पोटकंत्राटदाराने रोजंदारीवर आणलेल्या प्लंबरला हे कोणी शिकवले?

आम्ही रेल्वेवाले दाबाची भाषा जाणतो. डब्यांखाली ब्रेक पाइप हिरवा, ५ किलो दाबाचा. फीड पाइप पांढरा, ६ किलोचा. पण रंगावर विसंबून गाडी सुटत नाही. शेवटच्या डब्यापर्यंत दाब पोचला का, हे मागे गार्ड आणि पुढे ड्रायव्हर पाहतात, मगच गाडी हलते. नव्या मार्गावर रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या मंजुरीशिवाय प्रवासी गाडी धावत नाही. हे आयुक्त रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नाहीत. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. काम करणारा वेगळा, तपासणारा वेगळा, हे त्यामागचे तत्त्व.

ही शिस्त सुटली की काय होते, तेही आम्ही भोगले आहे. २ जून २०२३ रोजी बहानगा बाजारला २९० हून अधिक माणसे गेली. सिग्नलच्या वायरिंगमध्ये आणि वायरींच्या लेबलांमध्ये चूक होती. अटक झाली ती तीन कर्मचाऱ्यांना. अपघात झाला की खालचा माणूस बळीचा बकरा, हा शिरस्ता रुग्णालयातही तोच आहे.

नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी ऑक्सिजनची टाकी गळली, दाब उतरला आणि २२ रुग्ण गेले. पर्यायी साठा आणि तो चालू करणारा शिकलेला माणूस ही चैन नव्हे, यंत्रणेचाच भाग आहे.

व्यवस्थापन म्हणते, एवढ्या चाचण्यांना वेळ कुठे, उद्घाटनाची तारीख ठरली आहे. आमचे उत्तर सरळ आहे: तारीख पुढे ढकला. फीत आठ दिवसांनीही कापता येते.

म्हणून मागण्या अशा:

१. पाइप टाकणाऱ्या कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या जाणकाराने चाचणी करावी.

२. चाचणीच्या वेळी भूलतज्ज्ञ आणि गॅस प्लँट सांभाळणारा कर्मचारी हजर हवा. आउटलेटवार नोंद व सह्या हव्यात.

३. दुरुस्ती वा फेरबदल झाल्यास पुन्हा तीच चाचणी व्हावी.

४. गॅस प्लँटवर तिन्ही पाळ्यांत प्रशिक्षित, कायम कामगार असावा. कागद अपुरा असल्यास ताबा नाकारण्याचा त्याला हक्क हवा. त्यासाठी शिक्षा होता कामा नये.

जयपूर असो वा नाशिक, रेल्वे रुग्णालय असो वा जिल्हा रुग्णालय, तिथे आपलीच बायका-मुले झोपतात. तेव्हा प्रत्येक शाखेने आपल्या भागातील रुग्णालयात जाऊन एवढेच विचारावे: या लाइनची चाचणी कोणी केली, आणि त्याचे रजिस्टर कुठे आहे? रजिस्टर दाखवले नाही तर मागणी लेखी द्या, पोच घ्या, आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

— एक रेल्वे युनियन सचिव, जयपूर