हेडफोन घ्यायचाय? आधी कानाला विचारा!

मुलांनो, मागच्या अंकात आपण चांगलं दप्तर कसं ओळखायचं ते पाहिलं. या वेळचा प्रश्न माझ्याच शाळेतल्या सातवीतल्या एका मुलीनं आणलाय. तिचा दादा छत्रपती संभाजीनगरला शिकतो. शनिवारी एसटीनं गावी येतो, सोमवारी पहाटे परत जातो. त्याच्या हेडफोनसाठी आईवडिलांनी कापसाच्या पैशातून दोन हजार रुपये बाजूला ठेवलेत आणि निवडीचं काम सोपवलंय धाकटीवर! ती मला म्हणाली, "बाई, जाहिरातीत दाखवतात की कानाला लावला की बाहेरचा सगळा आवाज बंद. खरंच होतो का हो?"

आमचं गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळं हे नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच असेल. त्या दिवसांत माइक, घोषणा आणि गाड्यांचा आवाज काय असतो, ते इथल्या पोरांना वेगळं शिकवावं लागलं नाही. एरवी गाव तसं शांत. पण वडीगोद्रीला येऊन धुळे-सोलापूर महामार्गावरची एसटी पकडली, की पाचोड, आडूळ करत संभाजीनगर येईपर्यंत इंजिनाची घरघर आणि खिडक्यांचा खडखडाट सोबतीला असतो. त्यात शेजारचा काका मोबाइलवर मोठ्यानं व्हिडिओ लावून बसला तर विचारूच नका. (मुंबईत बेस्टच्या बसमध्ये असं हेडफोनशिवाय मोठ्यानं ऐकायला २०२३ साली मनाई झाली.) तेव्हा त्या दादाला थोडी शांतता हवी वाटली, तर तो काही नुसता शौक म्हणता येणार नाही.

आता जाहिरातीतला दावा तपासू. आवाज म्हणजे हवेतली लाट. हवा दाबली जाते, सैल होते, परत दाबली जाते. या हेडफोनला बाहेरच्या बाजूनं इवलेसे माइक असतात. बाहेरून 'दाब' आला की आतलं यंत्र नेमकी त्याच क्षणी तेवढीच 'सैल' लाट सोडतं. तुमच्या गणिताच्या भाषेत सांगायचं तर अधिक पाच आणि उणे पाच, उत्तर शून्य! आवाजावर आवाज टाकून शांतता करायची. आहे की नाही गंमत? या जातीच्या युक्तीला इंग्रजी अक्षरांत ए.एन.सी. म्हणतात. ही अक्षरं लक्षात ठेवा, दुकानात लागणार आहेत.

पण हे गणित प्रत्येक आवाजाला जमत नाही. इंजिनाची घरघर हा जाडा, संथ आणि एकसारखा आवाज. सेकंदाला शंभर वेळा थरथरणाऱ्या आवाजाची एक लाट हवेत जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. तिची उलटी लाट जरा इकडेतिकडे झाली तरी भागतं. शिट्टीसारखा बारीक आवाज घ्या. सेकंदाला तीन हजार वेळा थरथरला तर त्याची लाट अकरा-साडेअकरा सेंटीमीटरचीच, म्हणजे तुमच्या कंपासमधल्या पट्टीपेक्षाही छोटी. तिथं केसभर चुकलं की बेरीज शून्य होत नाही. शिवाय हॉर्न, भांडं पडणं, बाळाचं एकदम रडणं, हे आवाज न सांगता येतात. यंत्राला तयारीला वेळच मिळत नाही. म्हणून आपल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं : इंजिन, पंखा, रेल्वेची धडधड बरीच कमी होते. माणसांचं बोलणं थोडं कमी होतं. सगळं काही बंद होत नाही, कोणी काहीही सांगो.

ही कल्पना बरीच जुनी आहे. पॉल ल्युग नावाच्या जर्मन संशोधकाला १९३६ साली अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं होतं. पण तेव्हा इतकं चपळ यंत्र होतंच कुठं? पुढं तिला हात घातला अमर बोस यांनी. यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते, इंग्रजांच्या तावडीतून सुटून अमेरिकेला गेलेले. अमर यांचा जन्म १९२९ साली फिलाडेल्फिया शहरात झाला. शाळेत असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, हा मुलगा रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावायचा. पुढं ते एम.आय.टी. या नामांकित संस्थेत प्राध्यापक झाले. १९७८ साली झुरिकहून परत येताना विमानात त्यांनी गाणी ऐकायला हेडफोन लावला आणि इंजिनाच्या आवाजात काही म्हणता काही ऐकू येईना. दुसरा कोणी वैतागून झोपला असता. यांनी वही काढली आणि तिथंच बसून आकडेमोड सुरू केली! १९८६ साली 'व्हॉयेजर' विमान वाटेत कुठंही न उतरता, इंधन न भरता पृथ्वीभोवती फिरून आलं. नऊ दिवस इंजिनाशेजारी बसलेल्या त्या दोन वैमानिकांच्या कानांवर बोस यांच्या हेडफोनचा नमुना होता. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी तो विक्रीला आला, २००० साली तुमच्याआमच्यासाठी. म्हणजे आकडेमोडीपासून दुकानापर्यंत बावीस वर्षं.

बिनतारी म्हणजे ब्लूटूथ. हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या एका राजाच्या टोपणनावावरून आलंय, 'निळा दात'! १९९८ साली काही मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ते रूढ केलं. त्याचे आकडे, आवृत्त्या, कोडेक वगैरे खोक्यावर छापलेलं असतं. गाणी आणि धडे ऐकायला त्यानं फारसा फरक पडत नाही, तेव्हा त्यात डोकं शिणवू नका.

डोकं लावायचं ते इथं. स्वस्त खोक्यांवर ठळक अक्षरांत 'ई.एन.सी.' छापलेलं असतं आणि खाली 'नॉइज कॅन्सलेशन' असे शब्द. घेणाऱ्याला वाटतं, झालं काम! पण ई.एन.सी. तुमच्या कानासाठी नसतंच. तुम्ही फोनवर बोलताना तुमच्या मागचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू जावा, एवढंच ते करतं. दादा एसटीत बसून आईशी बोलला तर आईला त्याचं बोलणं स्पष्ट ऐकू येईल, दादाच्या कानात मात्र घरघर तशीच. एका अक्षराचा फरक, पण पैसे पाण्यात. ए.एन.सी. लिहिलंय का तेच पाहा. आणि पालकांनो, दुकानदार "एकच आहे हो दोन्ही" म्हणाला तर शांतपणे दुसऱ्या दुकानाची पायरी चढा.

ए.एन.सी. लिहिलेल्यातही डावं-उजवं असतं. दीड-दोन हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत माल मिळतो आणि स्वस्तातला थोडंच काम करतो. मग ओळखायचं कसं? पंख्यानं! दुकानात पंखा किंवा कूलर चालू असेल तिथं उभं राहायचं. हेडफोन लावायचा, गाणं मात्र लावायचं नाही. आता ए.एन.सी. चालू करा, बंद करा, परत चालू करा. पंख्याची घूंऽऽ कमी-जास्त होताना स्पष्ट कळली पाहिजे. "हो, थोडं काहीतरी वाटतंय" असं वाटलं तर ते काहीच नाही असं समजा. गाणं लावून दाखवणाऱ्यावर भरवसा ठेवू नका, गाण्यात सगळंच झाकलं जातं.

आकार कोणता? पूर्ण कानावर बसणारे मोठे हेडफोन आवाज चांगला अडवतात आणि बॅटरीही जास्त वेळ पुरवतात. पण आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत ते लावून एसटीत बसायचं म्हणजे कानाला गोधडी गुंडाळल्यासारखं! चष्मा असेल तर काडीपाशी फट राहते आणि तिथून आवाज आत शिरतो. कानाच्या छिद्रात बसणारे छोटे बड हलके असतात, खिशात मावतात. त्यांचं रबरी टोक तुमच्या कानाच्या मापाचं हवं. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशी टोकं येतात, तिन्ही लावून बघा. टोक सैल असेल तर आतलं यंत्र कितीही भारी असो, उपयोग शून्य. बारीक आवाज अडवण्याचं काम तर मुख्यतः ते रबरच करतं. मात्र बड एकमेकांना वापरायला देऊ नयेत आणि कान दुखत किंवा वाहत असेल तेव्हा घालूच नयेत.

बॅटरीचे तास मोजताना 'ए.एन.सी. चालू असताना किती' तेच विचारा, बंद असतानाचा आकडा मोठा असतो आणि तोच ठळक छापतात. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, ते बघा. पक्की पावती घ्या, तारखेसकट. वॉरंटीचा वाद झाला तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगते. आपल्या प्रत्येक कानात आत खोलवर सुमारे पंधरा-सोळा हजार अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाज मेंदूपर्यंत त्याच पोचवतात. मोठ्या आवाजानं त्या वाकतात, थकतात आणि मरतात. कोंबडीच्या कानातल्या अशा पेशी मेल्या तर नव्या उगवतात बरं का! माणसाच्या उगवत नाहीत. दुधाचा दात पडला तर दुसरा येतो, इथं ती सोय नाही. आणि दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं याची मर्यादा घालून दिलीय. मोठ्या माणसांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, मुलांना ७५ डेसिबल ४० तास. आपलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. यातली मेख अशी की आवाज तीनच डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा होतो. मुलांसाठी ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला फक्त अडीच तास. सगळ्या आठवड्याचे मिळून! वहीत लिहून पाहा, किती भराभर संपतं ते. लहान मुलांच्या काही हेडफोनवर '८५ डेसिबल मर्यादा' असं छापलेलं असतं. म्हणजे ते दिवसभर लावायला चालतात असं नव्हे, हे तुमच्या आत्ताच्या गणितावरून कळलंच असेल.

एसटीत नेमकं काय होतं? इंजिनाचा आवाज मोठा, म्हणून आपण गाण्याचा आवाज त्याच्याही वर नेतो. घरात जे बारीक आवाजात ऐकलं असतं ते इथं कानठळ्या बसेपर्यंत वाढवतो. घरघर कमी झाली तर गाणंही हळू लावता येतं. ए.एन.सी.चा खरा फायदा हा, आणि मला विचाराल तर एकमेव. पण आवाज पूर्वीइतकाच मोठा ठेवला तर त्या पैशांचा काही उपयोग नाही. म्हणून पहिल्याच दिवशी फोनमध्ये आवाजाची मर्यादा घालून टाका, बऱ्याच फोनांत ती सोय असते. हात लांब केल्यावर जेवढं अंतर होतं तेवढ्यावरचा माणूस बोलला आणि काहीच कळलं नाही, तर आवाज जास्त आहे.

पहिली ते चौथीच्या मुलांना असला हेडफोन घेऊन देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आजीबरोबर गोष्ट ऐकायला घरात फोनचा साधा स्पीकर पुरतो.

आणि रस्ता! वडीगोद्रीचा फाटा ओलांडताना, सायकलवर, बांधावरून ट्रॅक्टरच्या बाजूनं चालताना दोन्ही कान मोकळे हवेत. मागून येणाऱ्या ट्रकची घरघर हाच तर जाडा, संथ आवाज, जो हे यंत्र सगळ्यात चांगला पुसून टाकतं. हेडफोनमध्ये 'बाहेरचं ऐकू द्या' असंही एक बटण असतं, पण रस्त्यावर त्याच्या भरवशावर राहू नका. बड काढून सरळ खिशात.

राहिला सातवीतल्या ताईंचा दोन हजारांचा हिशोब. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, सहा महिन्यांत मॉडेलं बदलतात. दादाला सोबत घेऊन जालन्याला किंवा संभाजीनगरला जायचं आणि त्याच्याच कानाला लावून पंख्याची परीक्षा घ्यायची. रबरी टोकाचे, ए.एन.सी.चे बड त्या परीक्षेत पास झाले तर घ्यायचे. सगळे नापास झाले तर दोन-चारशे रुपयांचा रबरी टोकाचा वायरवाला इअरफोन घ्यायचा. तो चार्ज करावा लागत नाही आणि बारीक आवाज तोही अडवतो. फक्त फोनला त्याची पिन बसते का तेवढं बघून घ्या, नव्या बऱ्याच फोनांना ते गोल छिद्र नसतं. उरलेल्या पैशांत दादाची पुस्तकं येतील.